उन्हात बसूनही मुडदूस

ओळखीतल्या एका मुलीने मध्यंतरी तिच्या पाळीव गेकोचा फोटो पाठवला. पुढचे पाय कोपरात बाहेरच्या बाजूला वाकलेले, खालचा जबडा रबरासारखा मऊ पडलेला. ‘रोज रातकिडे घालते, सकाळी तासभर काचपेटी खिडकीतल्या उन्हात ठेवते, मग हे असं का झालं?’ असा तिचा प्रश्न. या दुखण्याचं नाव आपल्या ओळखीचंच आहे : मुडदूस. पोटभर खाऊन आणि रोज उन्हात बसून तो कसा होतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

गेको म्हणजे पालच. जगात तिच्या 2000हून अधिक जाती आहेत, पण घरोघरी पाळली जाते ती बहुधा लेपर्ड गेको, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली. शास्त्रीय नाव यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लाइद यांनी 1854मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचा कोरडा, खडकाळ प्रदेश हे तिचं मूळ घर. बहुतेक पालींना नसतात अशा उघडझाप करणाऱ्या पापण्या तिला असतात, आणि भिंतीला चिकटणारी बोटं मात्र नसतात. त्यामुळे ‘ही काचेवर चढत का नाही?’ म्हणून काळजी करू नये. पालीला भिंतीवर धरून ठेवणाऱ्या तिच्या पावलावरच्या लाखो सूक्ष्म केसांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. हिला ते केसच नाहीत, तेव्हा मलाही तो मोह आवरता येईल.

आता रातकिड्याकडे पाहू. घास भरगच्च, पण त्याच्या अंगात हाड नाही. किड्याचं कवच कायटिनचं असतं, कॅल्शियमचं नव्हे. साहजिकच त्याच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम त्याच्या कित्येक पटींनी कमी. गेकोला हवं असतं नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. जास्तीचा फॉस्फरस आतड्यात आहे त्या कॅल्शियमलाही धरून ठेवतो, ते निराळंच.

रक्तात कॅल्शियम ठरावीक पातळीला असावंच लागतं. स्नायूचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचा ठोका, सगळं त्यावर चालतं. पातळी जरा घसरली की पॅराथायरॉईड ग्रंथी संप्रेरक सोडते आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढून घेते. आजचा खर्च भागवायला मुदतठेव मोडावी, तसं. म्हणून गंमत अशी होते, की रक्ततपासणीत कॅल्शियम ठीकठाक दिसतं आणि तिकडे जबडा मऊ होत असतो. ठेव संपत आली की मग बोटं थरथरू लागतात, झटके येतात.

मग रातकिड्यांना कॅल्शियमची भुकटी चोळली की झालं? तेवढ्याने होत नाही. आतड्यातून कॅल्शियम पुरेसं आत घ्यायचं तर ड जीवनसत्त्व लागतं. आणि इथून पुढे ती रसायनकथा सुरू होते, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते.

त्वचेत 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो, चार कड्या एकमेकींना जोडलेल्या. साधारण 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश, म्हणजे यूव्हीबी, त्यावर पडला की एका कडीतल्या नवव्या आणि दहाव्या कार्बनमधला बंध तुटतो. कडी उघडते. पण हे अजून ड जीवनसत्त्व नव्हे, त्याचं पूर्वरूप आहे. पुढची पायरी म्हणजे एकोणिसाव्या कार्बनवरच्या हायड्रोजनने थेट नवव्या कार्बनवर उडी मारायची. या उडीला प्रकाश लागत नाही, ऊब लागते. शिवाय रेणू वाकून बसलेला असेल तरच दोन्ही टोकं जवळ येतात आणि उडी जमते. मोकळ्या द्रावणात तो फिरून ताठ होतो आणि अंतर वाढतं. त्वचेत मात्र पेशीपटलातले मेदरेणू त्याला वाकलेल्या स्थितीत धरून ठेवतात. मायकेल होलिक हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995मध्ये इग्वाना या मोठ्या सरड्याच्या त्वचेत हे मोजून दाखवलं. द्रावणात रेंगाळणारी हीच क्रिया त्वचेत कित्येक पट वेगाने झाली. पुढे यकृतात एक आणि मूत्रपिंडात एक असे दोन हायड्रॉक्सिल गट जोडले जातात, तेव्हा कुठे ते जीवनसत्त्व कामाला लागतं.

(कार्बनचे क्रमांक ऐकून ज्यांनी मान टाकली असेल त्यांनी एवढंच धरावं : कडी उघडायला प्रकाश, उडी मारायला ऊब. दोन्ही हवेत.)

आता खिडकीतलं ऊन. साधी काच दिसणारा प्रकाश आत सोडते, उष्णताही सोडते, पण यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे त्या मुलीची गेको रोज तासभर उजेडात बसत होती आणि तिच्या कातडीत एकही कडी उघडत नव्हती. उलट, काचपेटी उन्हात ठेवली की बघता बघता तिची भट्टी होते. त्या तासाभरात ती भाजून निघाली नाही, हे नशीब.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, की ही तर रात्री फिरणारी पाल, हिला ऊन कशाला? ती खरं तर तिन्हीसांजेला आणि पहाटे फिरते आणि दिवसा खडकाच्या फटीत पडून असते. पण अशा पालींची त्वचा थोडक्या यूव्हीबीचाही चांगला उपयोग करते. टेक्सासमधल्या एका अभ्यासात, तेवढ्याच यूव्हीबीत, निशाचर घरपालीच्या त्वचेने उन्हात वावरणाऱ्या सरड्याच्या त्वचेपेक्षा जास्त पूर्वरूप बनवलं. तो अभ्यास 2000मध्ये प्रसिद्ध झाला. 2018मध्ये लेपर्ड गेकोंवरच प्रयोग झाला आणि यूव्हीबी दिव्याखाली ठेवलेल्या पालींच्या रक्तात ड जीवनसत्त्व जास्त आढळलं. त्यामुळे पेटीच्या एका बाजूला सौम्य यूव्हीबी नळी आणि तिच्यापासून लपायला भरपूर आडोसा, ही मांडणी मला पटते. ही नळी आणि पाल यांच्यामध्ये काच मात्र नको.

दिव्याऐवजी ड3 (ड जीवनसत्त्वाचंच एक रूप) असलेली भुकटीही चालते. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. प्रकाश जास्त झाला तर तेच पूर्वरूप ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल अशा निरुपद्रवी रेणूंत वळतं, म्हणजे कातडीतच लगाम आहे. (भाजण्यापासून किंवा डोळे दुखण्यापासून तो वाचवत नाही. अल्बिनो, म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेल्या, पालींना प्रखर दिवा सोसत नाही.) पोटातून गेलेल्या भुकटीला असा लगाम नाही. ड जीवनसत्त्व मेदात साठत जातं, आणि अती झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत जमू लागतं. ‘थोडी जास्त घातली तर बरंच’ हा हिशेब इथे लागू नाही.

राहिली ऊब. ‘थंड रक्ताचे प्राणी’ हा शाळेतला शब्द फसवा आहे. ऊब घेऊन पचन करत पडलेल्या गेकोचं रक्त मुळीच थंड नसतं, फक्त ती उष्णता तिने बाहेरून आणलेली असते. म्हणून पेटीचं एक टोक उबदार हवं, जमिनीचा पृष्ठभाग 32 ते 34 अंश सेल्सिअस, आणि दुसरं टोक 24 ते 26. दोन्हीकडे लपायला जागा. कुठे बसायचं ते ती ठरवेल. हीटरला थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे, आणि तापमापीचं टोक ती जिथे पोट टेकते तिथे ठेवायचं, काचेच्या वर चिकटवायचं नाही. आतून तापणारे ‘गरम दगड’ विकत मिळतात, ते घेऊ नका. पोट भाजेपर्यंत पाल त्यावर पडून राहते. ऊब कमी पडली तर खाल्लेला किडा पचतही नाही, मग भुकटी, दिवा सगळं वाया.

बाकीचं थोडक्यात. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. पिल्लाला रोज, मोठीला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. शेपूट हे तिचं चरबीचं कोठार आहे, ते गुबगुबीत असावं. शेपटीला धरून उचलू नये, ती तुटते. नवी उगवते, पण बेढब. कात टाकताना ओलसर शेवाळाची एक ढोली लागते, नाहीतर बोटांवर कात अडकून रक्त थांबतं आणि बोट गळतं.

पाल विषारी असते, हा समज अजून गेलेला नाही. एकही गेको विषारी नाही. अंगावर साल्मोनेला जिवाणू मात्र असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. याच्या उलट टोकाला, ‘टोकाय’ नावाच्या गेकोच्या जातीला औषधी ठरवणारे आहेत. तिने एड्स बरा होतो या अफवेपायी इतक्या पाली पकडल्या गेल्या, की 2011मध्ये फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याला ‘याला काही आधार नाही’ असं जाहीर करावं लागलं. 2019मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आली. आणि रंगाचं वेड? ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाच्या झळाळत्या लेपर्ड गेकोंपैकी बहुतेकींना त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी होतात. रंग आणि गाठी दोन्हींचं मूळ एकाच जनुकाच्या आसपास असल्याचं 2021मध्ये दाखवलं गेलं. पाल घेताना साधी ठिपक्यांची घ्यावी, असं माझं मत.

त्या मुलीने पशुवैद्याला दाखवलं. द्रवरूप कॅल्शियम सुरू झालं, पेटी खिडकीतून हलली, थर्मोस्टॅट आणि यूव्हीबी नळी आली. काही महिन्यांत जबडा घट्ट झाला, आता ती रातकिडा धरून चावते. पाय मात्र वाकडेच आहेत. हाड वाकलेल्या अवस्थेत कडक झालं की ते सरळ होत नाही, त्यामुळे तिने पेटीतले उंच दगड काढून सगळं सपाट केलं आहे.