नॅशव्हिल (चित्रपट)

अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन (१९२५–२००६) यांचा १९७५ साली प्रदर्शित झालेला उपहासपट. पटकथा जोन ट्यूक्सबरी यांची. टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल हे कंट्री संगीताचे, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या लोकप्रिय गीतप्रकाराचे, माहेरघर. तेथील पाच दिवसांत २४ पात्रांच्या वाटा एकमेकींना छेदत जातात. एकच एक नायक किंवा नायिका नाही. ऑल्टमन यांनी ट्यूक्सबरींना आधी त्या शहरात पाठवले होते. तेथे त्यांनी लिहिलेल्या रोजनिशीतून पटकथा उभी राहिली.

पाचही दिवस शहरात एका व्हॅनवरचा भोंगा फिरत असतो. वकिलांना काँग्रेसमधून (अमेरिकी संसदेतून) हटवा, चर्चवर कर लावा, राष्ट्रगीत बदला, असे अध्यक्षपदाचा उमेदवार हॅल फिलिप वॉकर सांगत राहतो. त्याचा चेहरा मात्र आपल्याला दिसत नाही. ही भाषणे मिसिसिपीचे कादंबरीकार टॉमस हॅल फिलिप्स यांनी लिहिली आणि आवाजही त्यांनीच दिला. चित्रीकरण १९७४ च्या उन्हाळ्यातले. त्याच ऑगस्टमध्ये वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या व ती दडपण्याच्या प्रकरणापायी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला. पुढाऱ्यांवरचा विश्वास उडालेल्या त्या काळाला हा बिनचेहऱ्याचा उमेदवार नेमका शोभतो.

वॉकरच्या सभेला गर्दी जमावी म्हणून त्याचा माणूस ट्रिपलेट (मायकेल मर्फी) गायकांच्या भेटी घेत हिंडतो. हेवन हॅमिल्टन (हेन्री गिब्सन) या बुजुर्ग गायकाला तो गव्हर्नरपदाचे गाजर दाखवतो. सर्वांत क्लेशदायक प्रसंग गायिका होऊ पाहणाऱ्या सुलीनचा (ग्वेन वेल्स). तिचा गळा बेसूर आहे. निधी गोळा करण्यासाठी भरवलेल्या पुरुषांच्या मेजवानीत तिला कपडे उतरवायला लावतात. मोबदला म्हणून, लाडकी गायिका बार्बरा जीन (रोनी ब्लेकली) हिच्यासोबत गायची संधी कबूल करतात. येथे ऑल्टमन सुलीनला हसत नाहीत. त्यांचा रोख या सौद्यावर आहे, आणि म्हणूनच हा उपहास कधी तुच्छतेकडे झुकत नाही.

अखेरची सभा पार्थेनॉनसमोर होते. अथेन्सच्या मंदिराची ही पूर्णाकृती प्रतिकृती मुळात १८९७ च्या प्रदर्शनासाठी उभारलेली. तेथे गर्दीतला एक तरुण बार्बरा जीनवर गोळी झाडतो. गोंधळात माइक अल्बुकर्कीच्या (बार्बरा हॅरिस) हाती येतो. चित्रपटभर संधीच्या शोधात भटकणारी ही बाई गाऊ लागते आणि लोक तिच्या सुरात सूर मिसळतात.

बरीच गाणी नटांनी स्वतः रचली. नॅशव्हिलच्या संगीतवर्तुळात अनेकांना ती कच्ची वाटली, शहराची थट्टा केल्याचा रागही आला. कीथ कॅरडीन यांचे ‘आय ॲम ईझी’ मात्र या टीकेला पुरून उरते: क्लबमध्ये ते चालू असताना श्रोत्यांतल्या अनेक जणींना ते आपल्यासाठीच आहे असे वाटते, आणि कॅमेरा मागच्या बाकावर निश्चल बसलेल्या लिनियावर (लिली टॉमलिन) स्थिरावतो. या गीताला ऑस्कर मिळाले. चित्रपटाला एकूण पाच नामांकने होती. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत) त्याचा समावेश झाला.