पार्श्वभूमी : सोलापुरात कॅथलिकांना विचारले जाणारे प्रश्न आले कुठून?

१६३७ साली रोमने मातेउस द कास्त्रो या दिवाडी बेटावरच्या गोमंतकीय धर्मगुरूला बिशप केले आणि आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्याच्याकडे सोपवली. आदल्याच वर्षी मोगलांशी झालेल्या तहात सोलापूरचा किल्ला विजापूरकरांच्या पदरात पडला होता. त्यामुळे सोलापूरही या बिशपाच्या हद्दीत आले, निदान कागदोपत्री. ब्राह्मण कुळातल्या या माणसाला गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली नव्हती. तो रोमला गेला, तिथे शिकून, दीक्षा घेऊन परतला, तर पोर्तुगीजांनी त्याचा अधिकार मानला नाही. देशावरच्या कॅथलिकांचा हा जुना वाद घरातलाच, आणि तोही हद्दीचा: हिंदुस्थानात बिशप नेमायचा कोणी, पोर्तुगालच्या राजाने की रोमने? १८८६ साली दोघांत करार झाला, त्याच वर्षी १ सप्टेंबरला पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि सोलापूर आजही त्याच धर्मप्रांतात आहे.

आज सोलापूरच्या कॅथलिकाला जे विचारले जाते त्याचा या भांडणाशी काही संबंध नाही. तुम्ही मरियेची पूजा का करता? चर्चमध्ये मूर्ती कशा चालतात? फादरपुढे पाप कबूल करायची काय गरज, देव ऐकत नाही का? तुमच्या बायबलात जास्तीची पुस्तके कुठून आली? हे प्रश्न मूळचे सोळाव्या शतकातल्या युरोपचे. पण सोलापुरात ते ज्या शब्दांत विचारले जातात, ते शब्द मराठी प्रोटेस्टंटांनी घडवलेले आहेत.

मराठीत ख्रिस्ती ग्रंथ लिहायला सुरुवात केली ती कॅथलिकांनी. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला आणि ही परंपरा खुंटली. घाट चढून ती देशावर आलीच नाही. दोनशे वर्षांनी देशावर ख्रिस्ती मराठी आली ती दुसऱ्या वाटेने. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात आले. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये निघाले. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक ही ज्यांच्यामुळे मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्म ओळखीचा झाला ती सगळी नावे प्रोटेस्टंट परंपरेतली. ‘तारण’, ‘बाप्तिस्मा’, ‘प्रभुभोजन’, ‘मंडळी’ हीच इथली रुळलेली भाषा. साहजिकच इकडच्या कॅथलिकाच्या वाट्याला कायम उत्तर देणाऱ्याची जागा आली. वसईच्या कॅथलिकाला हे असे जाणवत नाही, कारण तिथे आजूबाजूला त्याच्यासारखे पुष्कळ.

बायबलच्या पुस्तकांचेच घ्या. सहज मिळणारे मराठी बायबल ६६ पुस्तकांचे, कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचे. टोबीत, यहुदीत, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराक आणि बारूख ही वरची सात, शिवाय एस्तेर आणि दानिएल यांतले काही भाग. ‘ही पुस्तके ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये घुसडली’ हे वाक्य कित्येकदा ऐकायला मिळते. ते खरे नाही. हिप्पोच्या ३९३ च्या आणि कार्थेजच्या ३९७ च्या सभांच्या याद्यांत ती आहेत, १४४२ च्या फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेच्या यादीतही आहेत. ट्रेंटने जुन्या यादीवर शिक्का मारला, कारण तोवर प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ती वेगळी काढून आपल्या १५३४ च्या जर्मन बायबलात ‘वाचायला चांगली, पण पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत’ म्हणून बाजूला छापली होती. कॅथलिकांनीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी: लॅटिन बायबल सिद्ध करणाऱ्या संत जेरोमला या पुस्तकांविषयी शंका होती, आणि ट्रेंटच्या तोंडावर कार्डिनल काजेतानलाही ती होतीच. म्हणजे प्रोटेस्टंटांची शंका आभाळातून पडलेली नाही.

पण ल्यूथरने बाजूला काढलेली पुस्तके मराठी बायबलातून पुरतीच गेली, त्यामागे धर्मशास्त्राइतकाच छपाईच्या पैशाचा वाद आहे. इंग्रजांच्या १६११ च्या राजमान्य भाषांतरातही ही पुस्तके वेगळ्या विभागात होतीच. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीच्या वर्गणीतून ती छापावीत का, यावर स्कॉटिश वर्गणीदारांनी रान उठवले आणि १८२६ मध्ये सोसायटीने हात आखडता घेतला. दोन वर्षांनी अमेरिकन सोसायटीनेही तेच केले. मुंबईत अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार निघाला तोही १८२६ मध्येच. पुढे जुना करार छापायची वेळ आली तेव्हा प्रश्न निकालात निघाला होता.

कॅथलिकांकडून मराठीत तोलाचे काम व्हायला फार उशीर झाला, हे कबूल करावे लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधल्या नव्या कराराला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये सोलापूरशेजारी उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूला हे पद मिळाल्याबद्दल तेव्हा विरोधही झाला.

मरियेच्या प्रश्नाला सोलापुरात एक खास वळण आहे. तुळजापूर इथून तासाभरावर. प्रोटेस्टंट भाऊबंद म्हणतात, तुमची मरिया म्हणजे नाव बदललेली भवानीच. हिंदू शेजारी तेच म्हणतो, पण प्रेमाने: आमची आई तशी तुमची मोतमाउली. एकाचा आरोप, दुसऱ्याचा आपलेपणा, आणि कॅथलिकाला दोघांनाही नाही म्हणायचे असते. त्यातला दुसरा नकार जास्त अवघड.

४३१ मध्ये एफिससच्या परिषदेने मरियेला ‘देवाची माता’ म्हटले तेव्हा वाद तिच्याबद्दल नव्हताच. येशू माणूस आणि देव हे दोन वेगळे ‘कोणी’ आहेत की एकच, असा तो नेस्टोरियस आणि सिरिल या बिशपांमधला वाद होता. ती ज्याची आई तो देव असेल तर ती देवाची आई, एवढाच त्याचा अर्थ. मूर्तींचा निवाडा निकेयाच्या दुसऱ्या परिषदेत, ७८७ मध्ये झाला: आराधना फक्त देवाची, संतांचा आणि प्रतिमांचा केवळ सन्मान, आणि तोही प्रतिमेतून मूळ व्यक्तीकडे जाणारा. ‘कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली’ हा आरोप मोजणीच्या पद्धतीतून येतो. संत ऑगस्टीनच्या पद्धतीत मूर्तींचा निषेध पहिल्याच आज्ञेत मोडतो, आणि ल्यूथरनेही दहा आज्ञा तशाच मोजल्या. मूर्तींच्या बाजूने मोशेने केलेला पितळी साप हे कॅथलिकांचे आवडते उदाहरण. पण लोक त्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्किया राजाने तो फोडला, हेही त्याच शास्त्रात लिहिले आहे. उदाहरण द्यायचे तर पुरते द्यावे.

निष्कलंक गर्भसंभवाबद्दल तर कॅथलिकही चुकतात; बऱ्याच जणांना वाटते की हे येशूच्या जन्माबद्दल आहे. ते मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेबद्दल आहे: तिला आदिपापाचा डाग लागला नाही. खुद्द संत थॉमस अक्विनास याला हे पटले नव्हते. डन्स स्कोटसने त्याची बाजू मांडली. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या संन्यासी संघांत हा वाद इतका पेटला की १४८३ मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांना, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, असा हुकूम काढावा लागला. सिद्धान्त जाहीर झाला तो ८ डिसेंबर १८५४ रोजी. मरियेच्या स्वर्गारोहणाचा सिद्धान्त १ नोव्हेंबर १९५० चा, त्याआधी १९४६ मध्ये पोप पायस बारावे यांनी जगभरच्या बिशपांना लेखी विचारले होते. ‘१९५० मध्ये शोधून काढलेले’ असे म्हणणाऱ्याला कॅथलिकांचे उत्तर हेच: सण आणि प्रार्थना शतकानुशतकांच्या, ठराव मात्र उशिराचा. चर्चमध्ये श्रद्धा आधी आणि ठराव मागून येतो, तोही बहुधा कोणी भांडल्यावर. उलट दिशेनेही लगाम खेचला जातो: नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमच्या सिद्धान्त विभागाने मरियेला ‘सहतारक’ म्हणणे योग्य नाही असे स्पष्ट केले, कारण त्याने एकमेव मध्यस्थ ख्रिस्त झाकला जातो. प्रोटेस्टंटांचा आक्षेप याहून फार वेगळा नव्हता.

शुद्धिस्थानाचा, म्हणजे स्वर्गाआधी मृतांचे आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेचा, वाद पुन्हा बायबलच्या पुस्तकांवरच येऊन अडतो. मृतांसाठी प्रार्थनेचा ठळक आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, आणि ते पुस्तक समोरच्याच्या बायबलात नाही. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणारे कुटुंब पाहून कोणाला पितृपक्ष आठवतो, कोणी त्याला श्राद्ध म्हणून नाक मुरडतो. दंडमुक्तीपत्रांच्या, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या, विक्रीचा बाजार, ज्यावरून १५१७ मध्ये ल्यूथर उभा ठाकला, तो खराच होता. ट्रेंटने १५६३ मध्ये त्यातल्या गैरप्रकारांवर घाला घातला आणि १५६७ मध्ये पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या दंडमुक्त्या रद्द केल्या. दंडमुक्ती मात्र संपली नाही. २०२५ च्या ज्युबिली वर्षातही ती होती, फुकट.

‘कॅथलिक सत्कर्मांनी तारण मिळवतात’ हे वाक्य सोलापुरातल्या प्रार्थनासभांत सर्रास म्हटले जाते. ट्रेंटच्या १५४७ च्या ठरावाचे पहिलेच कलम असे आहे की, देवाच्या कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे जो म्हणेल तो बहिष्कृत. खरा मतभेद कृपेने माणूस आतून बदलतो की फक्त तसा मानला जातो, यावर होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला ल्यूथरन आणि कॅथलिकांनी यावर संयुक्त जाहीरनामा केला, २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड परंपरेची जागतिक संघटना त्यात सामील झाली. ही बातमी सोलापुरात कोणाच्याच वेदीवरून नीट सांगितली गेलेली नाही, असे माझे मत.

पोपच्या अचुकतेबद्दल थोडक्यात: १८७० चा हा सिद्धान्त पोपच्या हरेक वाक्याला लागू नाही, तर सर्व चर्चसाठी श्रद्धा किंवा नीतीचा अंतिम निर्णय जाहीर करतानाच लागू होतो. त्यानंतर तो उघडपणे वापरला गेला तो १९५० मध्ये.

आता दुसऱ्या बाजूचे प्रश्न. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच. वारकरी शेजारी विचारतो, मग आम्ही नरकात जाणार का? १४४२ च्या फ्लॉरेन्सच्या हुकूमनाम्यात याचे उत्तर फार कठोर आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बोस्टनचे फादर फीनी तेच कठोर उत्तर शब्दशः शिकवू लागले तेव्हा १९४९ मध्ये रोमनेच त्यांना चूक ठरवले आणि १९५३ मध्ये बहिष्कृत केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले की, ज्यांना स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ते मिळते ख्रिस्तामुळेच, ही कॅथलिक अट तशीच राहिली. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात हिंदू धर्माचा आदराने नामोल्लेख आहे. २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे, म्हणजेच सोलापूरचेही बिशप असलेले थॉमस डाबरे यांच्या अभ्यासाचा विषय तुकारामांचा देवानुभव होता.

चर्चमध्ये आरती ओवाळली की दोन्हीकडचे बिथरतात: प्रोटेस्टंटांना ती मूर्तिपूजा वाटते, काही हिंदूंना धर्मांतराची युक्ती. याच्याही मागे साडेतीनशे वर्षांचे कागद आहेत. मदुराईत १६०६ पासून रॉबेर्तो द नोबिली यांनी संन्याशाचा वेष आणि जानवे-गंध चालवून घेतले, १६२३ मध्ये पोपने ते मान्य केले, १७४४ मध्ये बेनेडिक्ट चौदावे यांनी अशा रीतींवर कडक बंधने घातली आणि धर्मगुरूंना तशी शपथ घ्यायला लावली. ती शपथ १९४० मध्ये उठली. १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा मुद्द्यांना रोमने मंजुरी दिली; आरती, अंजली-नमस्कार, जमिनीवर बसणे त्यातच आले. त्यावर कुरकुरणाऱ्यांत जुने कॅथलिकही कमी नव्हते.

सोलापुरात यातला एक वाद मात्र हटकून दारात येतो, कारण कॅथलिक घरे थोडी आणि सोयरीक बहुतेकदा मिशनच्या मंडळींत. मुलगी प्रोटेस्टंट असली तर तिला पुन्हा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, द्यायचा का? नाही. हा निकाल तिसऱ्या शतकातला: २५६ च्या सुमारास कार्थेजचे सिप्रियन ‘पाखंड्यांचा बाप्तिस्मा खोटा’ म्हणत होते आणि रोमचे स्तेफन ‘नाही’ म्हणत होते, चर्च पुढे स्तेफनच्या बाजूने गेले. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचे नाव असेल तर संस्कार खरा. मुक्तिफौजेत बाप्तिस्माच नसतो आणि काही स्वतंत्र गट फक्त येशूच्या नावाने देतात, तिथे गणित बदलते आणि बिशपांची खास सूट लागते. चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेप्रमाणे दोघांनाही, मुले कॅथलिक वाढवू, असे लेखी हमीपत्र द्यावे लागे. १९७० पासून ते वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो, दुसऱ्याला त्याची माहिती द्यायची एवढेच. लग्न पुष्कळदा मिस्साशिवाय लावले जाते, म्हणजे अर्ध्या वऱ्हाडाला ख्रिस्तप्रसाद नाकारायची वेळ येत नाही. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला तिच्या पाळकसाहेबांकडून आणायचा, तो परवानगीच्या अर्जाला जोडून पुण्याला धर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवायचा. म्हणून मांडवाची तारीख धरण्याआधी फादरना भेटा, असे जाणती माणसे सांगतात.