बगदादच्या म्युझियममधून नेमकं काय गेलं आणि कसं गेलं

2003 मध्ये इराकवरच्या अमेरिकेच्या हल्ल्याच्या वेळी बगदादचं इराक म्युझियम लुटलं गेलं तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांमध्ये 1 लाख 70 हजार वस्तू गेल्या असा आकडा फिरत होता. तो चुकीचा निघाला, नंतर मोजदाद झाली तेव्हा साधारण 15 हजार वस्तू गेल्याचं कळलं. आकडा खाली आला तसं लोकांचं लक्षही उडालं, आणि मला तेच खटकतं, कारण त्या 15 हजारांत काय होतं हे बघितलं की पोटात तुटतं.

थोडं मागे जाऊया. 1920 च्या दशकात गर्ट्रूड बेल या ब्रिटिश पुरातत्त्व अभ्यासक आणि अधिकारी बाईंनी या संग्रहाची सुरुवात केली, आत्ताची इमारत 1966 ची. 1991 च्या आखाती युद्धानंतर जो गोंधळ माजला त्यात इराकमधली जिल्ह्याजिल्ह्यातली म्युझियम लुटली गेली होती, त्यामुळे असं काही होऊ शकतं हे बगदादच्या स्टाफला पक्कं माहीत होतं. म्हणून 2003 च्या युद्धाआधी त्यांनी शोकेसमधल्या 8 हजारांहून जास्त वस्तू गुपचूप एका जागी हलवल्या आणि ती जागा कुणाला सांगायची नाही अशी मोजक्या लोकांनी कुराणावर शपथ घेतली. त्या सगळ्या वाचल्या. निमरूद या प्राचीन असिरियन शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांमधलं सोनं तर आधीपासूनच सेंट्रल बँकेच्या तिजोरीत होतं, तिथे पाणी भरलं होतं, ते उपसल्यावर सोनं जसंच्या तसं सापडलं.

पण जे हलवता येत नव्हतं ते तिथेच राहिलं. 8 एप्रिलला म्युझियमच्या आसपास लढाई सुरू झाली, उरलेला स्टाफ बाहेर पडला, आणि 10 ते 12 एप्रिल या तीन दिवसांत लूट झाली. स्टाफ 12 ला परत आला, अमेरिकन रणगाडे पहाऱ्याला पोचले 16 ला. त्याच शहरात तेल मंत्रालयाला मात्र आधीच पहारा होता. युद्धात सांस्कृतिक ठेवा जपायचा हेगचा करार 1954 चा आहे, अमेरिकेने त्यावर सही केली होती पण मंजुरी दिली थेट 2009 मध्ये.

लुटणारे सगळे एकाच प्रकारचे नव्हते. ऑफिसातले कॉम्प्युटर, खुर्च्या उचलणारा जमाव वेगळा. गॅलरीतून निवडून उचलणारे वेगळे, त्यांनी वार्का म्हणजे प्राचीन उरुक शहरातला 5 हजार वर्षं जुना अलाबास्टरचा (मऊ पांढरट दगडाचा) कलश पायापासून मोडून नेला आणि बासेत्की गावाजवळ सापडलेला तांब्याचा पुतळा, जो दीडशे किलोच्या आसपास आहे, जिन्यावरून ओढत नेला, पायऱ्या फुटल्या. कलश जूनमध्ये गाडीच्या डिकीतून परत आला, 14 तुकड्यांत, आणून द्या, चौकशी होणार नाही असं जाहीर केलं होतं म्हणून. वार्काचा संगमरवरी स्त्रीमुखवटा सप्टेंबरमध्ये जमिनीत पुरलेला सापडला. पुतळा नोव्हेंबरमध्ये मैल्याच्या खड्ड्यातून निघाला, वर ग्रीस चोपडलेलं.

तिसरे जे होते ते तळघरात गेले, आणि माझ्या मते खरी जखम तिथलीच आहे. बाहेरच्या माणसाला सहज न सापडणाऱ्या खोलीत ते पोचले, त्यांच्याकडे कपाटांच्या किल्ल्यासुद्धा होत्या, म्हणजे आतलं कुणीतरी सामील असणार असं तपास करणाऱ्यांचं म्हणणं. वीज नव्हती, उजेडासाठी त्यांनी पॅकिंगचा फोम पेटवला, धुरात आणि अंधारात किल्ल्या हातातून पडल्या त्या त्यांना शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. म्हणून नाणी आणि मुद्रांनी (कोरीव शिक्क्यांनी) भरलेली कपाटं तशीच बंद राहिली. पण जमिनीवर ठेवलेल्या खोक्यांमधल्या सुमारे 5 हजार दंडगोल मुद्रा आणि जवळपास तितकेच मणी, ताईत, दागिने गेले.

दंडगोल मुद्रा म्हणजे अंगठ्याएवढा दगडाचा गोल तुकडा, त्यावर उलटी कोरीव नक्षी, ओल्या मातीवर फिरवला की सलग पट्टी उमटते, देव, बैल, झुंजणारे सिंह, कधी मालकाचं नावही. व्यापारी मालावर, मातीच्या पाटीवर लिहिलेल्या करारावर हीच सही. दीडशे किलोचा पुतळा लपवायला खड्डा लागतो, मुद्रा खिशात मावते, बॉर्डर पार करायला मुठीत धरली तरी चालते, आणि जगातल्या कुठल्याही दुकानात "जुन्या कलेक्शनमधली" म्हणून विकता येते. म्युझियमचा नंबर वस्तूवर शाईने लिहिलेला असतो, तो घासून काढला की ती इथलीच हे सिद्ध करणं फार अवघड. परत आलेल्या वस्तूंचा आकडा हळूहळू वाढत गेला, पण तळघरातल्या मुद्रा त्यात थोड्याच.