जुना व्हॉल्व्ह रेडिओ: आधी कंडेन्सर, मग प्लग

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात साठच्या दशकातला, ठाण्यात बनलेला मर्फी हाती लागला, की घरी नेऊन लगेच प्लगला लावून बघावंसं वाटतं. तो मोह आवरा. वीस-तीस वर्षं बंद असलेला सेट सरळ २३० व्होल्टवर लावला तर कधी कधी तो मिनिटभर छान वाजतोही, आणि मग जळतो. याचं कारण बऱ्याचदा एक चिमुकला कंडेन्सर असतो.

स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह (काचेची नळी) अनेक सेटमध्ये ईएल ८४ असतो. त्याच्या ग्रिडला, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या जाळीला, आवाजाचा सिग्नल साधारण ०.०१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून येतो. सिग्नल पुढे सोडायचा आणि मागच्या व्हॉल्व्हवरचे शंभरेक व्होल्ट डीसी अडवायचे, हे त्याचं काम. जुन्या सेटमध्ये तो मेणात भिजवलेल्या कागदाचा असतो. कागद वर्षानुवर्षं दमट हवा पितो, कोकणपट्टीत तर जास्तच, आणि डीसी झिरपू लागतो. लीकेज फक्त १० मायक्रोअँपिअर धरा. ग्रिडपासून चासीपर्यंतचा (सेटच्या धातूच्या सांगाड्यापर्यंतचा) रेझिस्टर ४७० किलोओहमचा असेल, तर ग्रिडवर ४.७ व्होल्ट धन दाब येतो. तिथे खरं तर कॅथोडच्या (व्हॉल्व्हमधला करंट जिथून निघतो त्या टोकाच्या) मानाने सुमारे ७ व्होल्ट ऋण दाब हवा. लगाम सुटतो, नेहमीचा ४८ मिलिअँपिअरचा करंट वाढत जातो, काचेतून ॲनोडचा पत्रा लाल दिसतो, आणि शेवटी स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार तुटते. व्हॉल्व्ह शोधला तर मिळतो. त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर मिळणं फार अवघड.

साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हा कंडेन्सर बहुधा निर्दोषच दिसतो, कारण मीटर त्यावर जेमतेम काही व्होल्ट लावतो. त्यामुळे तपासत बसू नका, बदलाच. त्याच क्षमतेचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर काही रुपयांत येतो. बाकीचे कागदी कंडेन्सरही त्याच बैठकीत काढा. अभ्रकाचे सहसा टिकतात, त्यांना हात लावायची गरज नाही.

फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात, घरघर त्यांचीच. नवे लावताना मात्र उदार होऊ नका. सेटमध्ये ईझेड ८० रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याच्यालगतचा कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या पुढे नको, नाहीतर चार्जिंगच्या झटक्याने रेक्टिफायरच जातो.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे सेटची वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड. ६० वॅटचा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. सगळं नीट असेल तर थेट मेन्सवर घेऊन ईएल ८४ची ३ नंबरची पिन (कॅथोड) चासीच्या मानाने मोजा, साधारण ७ व्होल्ट मिळायला हवेत. २ नंबरच्या पिनवर (ग्रिड) शून्य हवं.

यूसीएच ८१, यूएल ८४ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर जास्त सांभाळा. त्या सेटमध्ये बहुधा मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, फिलामेंट एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि चासी थेट मेन्सला असते. प्लग उलटा बसला तर फेजच चासीवर. नॉबचा लहानसा स्क्रूही झटका देतो. अशा सेटवर, त्याला मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय काम करू नये. कुठलाही सेट बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा आणि मीटरने खात्री करून घ्या.

डायलची काच ओल्या फडक्याने पुसू नका. स्टेशनांची नावं बहुधा मागच्या बाजूने छापलेली असतात आणि पाण्याने अक्षरं पोपडे धरून निघतात. कोरडा मऊ ब्रश पुरतो. आयएफच्या (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सीच्या) डब्यांतले जुळणीचे स्क्रूही फिरवू नका. आवाज बारीक येतो म्हणून तिथे हात घालणाऱ्यांनी चांगले सेट बिघडवले आहेत.

काढलेला कागदी कंडेन्सर टाकू नका. गरम करून आतला गुंडाळा ओढून काढला, की मूळ नळीत नवा कंडेन्सर सहज मावतो. टोकं पुन्हा मेणाने बंद केली की चासी खालून उघडणाऱ्यालाही ती जुनीच दिसते.