मठाधिकारी, बेनेडिक्टीन

पश्चिम यूरोपातील मध्ययुगीन बेनेडिक्टीन मठांत मठाधिपतीच्या आज्ञेने एकेक खाते सांभाळणारे संन्यासी. लॅटिन ‘ओबेदिएन्तिआ’ (आज्ञापालन) या शब्दाला पुढे ‘सोपविलेले काम’ असा अर्थ आला व त्यावरून या अधिकाऱ्यांना ‘ओबेडिएन्शरी’ हे नाव मिळाले. सेंट बेनेडिक्टच्या नियमावलीत (सहाव्या शतकाचा मध्य, बहुधा ५३०–५६०) मोजकीच पदे आहेत : मठाधिपती, उपमठाधिपती (प्रायर), दहा जणांवरील दशकप्रमुख, कोठावळा (धान्य व सामानसुमान सांभाळणारा), द्वारपाल. स्वयंपाकाची पाळी दर आठवड्याला बदले. मोठ्या मठात कोठावळ्याला तीतून सूट असे.

उपमठाधिपतिपदाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बेनेडिक्ट या पदाविषयी साशंक होता. असा अधिकारी स्वतःला दुसरा मठाधिपती समजू लागतो व मठात तट पडतात, म्हणून शक्यतो दशकप्रमुखांकरवी कारभार चालवावा, असे तो सांगतो (प्रकरण ६५). ‘मास्टरची नियमावली’ या निनावी ग्रंथात तर दुय्यम नेमण्यास मनाईच आहे. मठाधिपतिपदाचा वारसा मिळेल या आशेने सर्वांनी सदाचरणात चढाओढ करावी, हा त्यामागील हेतू. तेथे ‘प्रेपोसितुस’ म्हणजे दहा जणांवर देखरेख करणारा, तर बेनेडिक्टकडे त्याच शब्दाचा अर्थ उपमठाधिपती. तेव्हा केवळ संज्ञेवरून पदाची परंपरा लावता येत नाही. हा ग्रंथ बेनेडिक्टच्या नियमावलीचा विस्तार होय, असे पूर्वी मानीत. विसाव्या शतकात जनेस्तू व नंतर द व्होग्यूए या अभ्यासकांनी उलट क्रम मांडला. १९९० मध्ये मेरिलिन डन यांनी जुन्या मताची बाजू पुन्हा घेतली. मास्टरचा ग्रंथ आधीचा, हेच मत अधिक ग्राह्य दिसते.

फ्रान्समधील क्लूनी मठात (स्थापना ९०९ किंवा ९१०) महाप्रायर इस्टेटी पाही व मठातील शिस्त दुसऱ्या प्रायरकडे असे. ‘आर्मारियुस’ हा ग्रंथपाल व गायनप्रमुख एकच. ‘सिर्कातोर’ आवारात फिरून आळशी व बडबड्या संन्याशांवर नजर ठेवी.

पुढे इंग्लंडमधील मोठ्या मठांत पूजासाहित्य व मेणबत्त्यांचा अधिकारी (सॅक्रिस्ट), वस्त्राधिकारी, दानाधिकारी, रुग्णालयप्रमुख, अतिथिपाल अशी पदे वाढली. त्यांना स्वतंत्र गावे व जमिनींचे खंड (भाडे) नेमून दिलेले असत, हे महत्त्वाचे. मठाची एकच तिजोरी राहिली नाही. सॅक्रिस्टजवळ पैसा असताना कोठावळा कर्जात, असे घडे. बरी सेंट एडमंड्स येथे मठाधिपती सॅमसनने (कार. ११८२–१२११) कर्जबाजारी कोठीचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, इतिवृत्तकार जोसेलिनच्या लेखनावरून ते अनेकांना रुचले नव्हते, असे दिसते. डरॅम व नॉरिच येथील अधिकाऱ्यांचे हिशेबपट उपलब्ध आहेत.

संन्यासिनींच्या मठांतही अशीच पदे होती. लंडनजवळील बार्किंगच्या कोठावळणीच्या कर्तव्यांची इंग्रजी यादी प्रसिद्ध आहे.

इंग्लंडमधील मठ १५३६–४० मध्ये बरखास्त झाले. डरॅमचा शेवटचा प्रायर ह्यू व्हाइटहेड १५४१ मध्ये तेथील कॅथीड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) पहिला डीन (प्रमुख धर्माधिकारी) झाला.