डोंगरवाटांवरील अल्ट्रामॅरेथॉन

डोंगराळ मुलखातील पाऊलवाटांवरून धावण्याची, मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमी. अंतरापेक्षा लांब पल्ल्याची शर्यत. ५० किमी., ५० मैल (सु. ८० किमी.), १०० किमी. व १०० मैल (सु. १६१ किमी.) हे तिचे रूढ पल्ले आहेत; मात्र डोंगरात अंतर वाटेच्या सोयीने ठरते, त्यामुळे ‘१०० मैलांची’ म्हणून ओळखली जाणारी शर्यत प्रत्यक्षात चारदोन मैल कमीजास्त असणे नित्याचेच. मार्गात पक्क्या रस्त्याचा भाग थोडाच असावा, असा संकेत आहे. एकदा सुरू झालेले घड्याळ शेवटपर्यंत चालू राहते. खाणे, झोप, पायाचे फोड बांधणे यांत गेलेला वेळही हिशेबात येतो. रोज एक टप्पा संपवून रात्री मुक्काम करण्याच्या बहुदिवसीय शर्यती येथे विचारात घेतलेल्या नाहीत.

ब्रिटनमधील ‘फेल रनिंग’ हा या प्रकाराचा जवळचा नातलग. त्यात बहुधा वाटेवर खुणा नसतात. ठरलेली शिखरे गाठायची आणि मधला मार्ग नकाशा व होकायंत्राच्या आधारे स्वतः शोधायचा. उलट अल्ट्रामॅरेथॉनच्या वाटेवर फिती, झेंडे व परावर्तक खुणा लावलेल्या असतात. टेनेसीतील बार्कले मॅरेथॉन (१९८६ पासून) हा ठळक अपवाद. तिची पाच आवर्तने ६० तासांत पूर्ण करावी लागतात आणि वाट शोधणे हाच तिचा निम्मा कस आहे.

मापन : अंतराचा आकडा येथे फसवा असतो. म्हणून इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशन (स्थापना २०१३) ही संस्था ‘किलोमीटर-श्रम’ असे एकक वापरते. किलोमीटरमधील अंतरात, मीटरमधील एकूण चढाला १०० ने भागून येणारा आकडा मिळवायचा. १७१ किमी. अंतर व १०,००० मी. चढ असलेल्या मार्गाचे श्रम या हिशेबाने २७१ होतात. २१० व त्यावरील शर्यती सर्वांत वरच्या वर्गात मोडतात. हा विचार नवा नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमात तीन मैलांना एक तास आणि २,००० फूट चढाला आणखी एक तास धरला होता. म्हणजे १०० मी. चढ सु. ८०० मी. सपाटीच्या बरोबरीचा. आजचे सूत्र चढाला त्याहून थोडे अधिक वजन देते.

या सूत्रात उतार, वाटेचा खडबडीतपणा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांना मात्र जागा नाही. कोलोरॅडोतील हार्डरॉक शर्यतीचे श्रम सु. २६२ भरतात, तर आल्प्समधील अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ-ब्लांचे सु. २७१. आकड्यांवरून दुसरी अधिक कठीण ठरावी. स्पेनच्या किलियन जॉर्नेट यांनी २०२२ च्या एकाच उन्हाळ्यात दोन्ही जिंकल्या. आल्प्समध्ये त्यांना १९ तास ४९ मिनिटे लागली, हार्डरॉकला २१ तास ३६ मिनिटे. हार्डरॉकचा मार्ग सरासरी ३,३०० मी.हून उंचावर आहे व ४,२८२ मी. उंचीच्या हँडीज शिखरावरून जातो. माँ-ब्लां शर्यतीच्या मार्गाचा सर्वोच्च बिंदू २,६०० मी.च्या आतच राहतो. विरळ हवेची किंमत सूत्र मोजत नाही, हे त्यावरून दिसते. घड्याळांनी दाखवलेला एकूण चढ तर आणखी बेभरवशाचा. एकाच शर्यतीत दोन मनगटांवर शेकडो मीटरचा फरक पडू शकतो.

उगम : या खेळाचा आरंभ कोठे धरावा, याबाबत एकमत नाही. सर्वांत प्रचलित कथा कॅलिफोर्नियातील आहे. सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ऑबर्न गावी जाणाऱ्या १०० मैलांच्या वाटेवर १९५५ पासून ‘टेव्हिस कप’ ही घोडेस्वारी होत असे. २४ तासांच्या आत वाट संपवणाऱ्या स्वाराला चांदीचे बक्कल मिळे. गॉर्डी एन्सली हे तिचे एक स्पर्धक. १९७३ मध्ये त्यांचा घोडा वाटेत लंगडला. पुढच्या वर्षी ते घोड्याविनाच आरंभरेषेवर उभे राहिले आणि कडक उन्हाळ्यात घोड्यांसोबत धावत २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचले. १९७७ मध्ये त्याच वाटेवर ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही धावशर्यत रीतसर सुरू झाली. चौदा जणांपैकी तिघांनी ती पूर्ण केली आणि २४ तासांच्या आत एकच जण आला. उरलेल्या दोघांपैकी एक राल्फ पॅफेनबार्गर हे व्यायाम व हृदयविकार यांच्या संबंधावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले साथरोगतज्ञ होते, त्या वेळी वय ५४. दोघे बरोबरच २८ तास ३६ मिनिटांत पोहोचले, आणि आजची ३० तासांची मुदत मुख्यतः त्यांच्यामुळे रूढ झाली.

ही कथा सुटसुटीत आहे, हाच तिचा दोष. १९७२ मध्ये, म्हणजे एन्सलींच्या दोन वर्षे आधी, कॅन्ससमधील फोर्ट रायली छावणीचे वीस सैनिक हीच वाट पायी पार करण्यासाठी निघाले होते व त्यांतील सात जण दोन दिवसांच्या आत पोहोचले. ‘वाट पहिल्यांदा पायी कोणी पार केली’ याचे उत्तर त्यामुळे बदलते. ते सैनिक धावले की चालले, हा वाद मात्र फारसा फलदायी वाटत नाही. आजच्या शर्यतीतही बहुसंख्य स्पर्धक मोठा भाग चालतच जातात.

दुसरा पक्ष आरंभ ब्रिटनमध्ये शोधतो. स्कॉटलंडचा राजा माल्कम तिसरा याने अकराव्या शतकात चपळ जासूद निवडण्यासाठी ब्रेमार येथे टेकडीवर शर्यत लावली, असे सांगितले जाते. तिला आख्यायिकेपलीकडे आधार नाही. इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात २४ तासांत जास्तीत जास्त शिखरे पायाखाली घालण्याची चढाओढ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू होती. डॉ. आर्थर वेकफील्ड यांनी १९०५ मध्ये तिचा उच्चांक केला. पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही ते होते. जून १९३२ मध्ये केझिक येथील अतिथिगृहाचे मालक बॉब ग्रॅहम यांनी ४२ शिखरांची फेरी एका दिवसाच्या आत पूर्ण केली. सु. १०६ किमी. अंतर आणि ८,२०० मी. चढ असलेली ही फेरी १९६० मध्ये ॲलन हीटन यांनी पूर्ण करीपर्यंत कोणालाही पुन्हा साधली नाही. आजच्या एककात मांडल्यास तिचे श्रम सु. १८८ भरतात, म्हणजे एन्सली १९७४ मध्ये धावले त्या वाटेच्या (सु. २१६) फार मागे नाहीत, आणि ती ४२ वर्षे आधीची आहे.

मेक्सिकोतील चिवावा राज्याच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी (ताराउमारा) लोक लाकडी चेंडू पायाने उडवीत दीर्घकाळ धावण्याच्या शर्यती खेळतात. जपानमधील हिएई पर्वतावर तेंदाई या बौद्ध पंथाचे भिक्षू सात वर्षांत मिळून १,००० दिवसांचे परिक्रमाव्रत करतात. दोन्ही परंपरा जुन्या आहेत, परंतु आधुनिक शर्यत त्यांतून निपजली असे म्हणता येत नाही. रारामुरी धावपटू कोलोरॅडोतील लेडव्हिल शर्यतीत १९९३ व १९९४ मध्ये पहिले आले, ते ती शर्यत सुरू झाल्यानंतर सु. दहा वर्षांनी. धैर्याचा वारसा ब्रिटिश टेकड्यांचा आणि चौकटीचा वारसा घोडेस्वारीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ठरावीक मुदत, टप्प्याटप्प्यावरील तपासणी, बक्कल ही सर्व अश्वशर्यतीची देणगी आहे. १९७७ मध्ये तर धावणाऱ्यांवर नजर घोड्यांच्या तपासणी-नाक्यांवरूनच ठेवली गेली होती.

प्रसार : हिंदी महासागरातील रेयुन्याँ बेट आडवे ओलांडणारी शर्यत १९८९ पासून आणि हार्डरॉक १९९२ पासून होते. फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लां पर्वताला प्रदक्षिणा घालणारी शर्यत २००३ मध्ये शामोनी येथे सुरू झाली. पहिल्या वर्षी सातशेहून अधिक जण निघाले आणि खराब हवामानात त्यांतील ६७ पूर्ण फेरी करू शकले. विजेते नेपाळचे दावा शेर्पा होते. इटलीच्या आओस्ता खोऱ्यातील तोर दे जेआं (२०१०) ही सु. ३३० किमी. लांब, २४,००० मी. चढाची व १५० तास मुदतीची शर्यत आहे.

शरीरावरील परिणाम : तीव्र चढावर अव्वल धावपटूही चालतात, कारण तेथे धावण्यापेक्षा चालणे स्वस्त पडते. आल्बेर्तो मिनेत्ती व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार सपाटीवर धावताना दर किग्रॅ. वजनामागे दर मीटरला सु. ३.४ जूल ऊर्जा लागते. ४५ टक्के चढावर ती साडेपाच पट होते. सर्वांत कमी ऊर्जा लागते ती सु. २० टक्के उतारावर, सपाटीच्या जवळजवळ निम्मी.

सर्वांत स्वस्त असलेला हा उतारच स्नायूंना सर्वांत महाग पडतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराला आवर घालतो. अशा लांबणाऱ्या आकुंचनात स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते, रक्तातील क्रिएटिन कायनेजची (इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या विकराची) पातळी कित्येक पटींनी चढते आणि क्वचित स्नायुविघटनातून सुटणारे मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडावर ताण आणते. श्वास शाबूत असूनही उतरता येत नाही म्हणून शर्यत सोडावी लागलेले स्पर्धक असतात, ते यामुळेच. उताराची हळूहळू वाढवलेली सवय संरक्षण देते. निव्वळ सपाटीवर सराव केलेल्याला हे कवच मिळत नाही. विशेष म्हणजे तोर दे जेआंनंतर मोजलेला स्नायूंचा थकवा त्याहून लहान शर्यतींच्या तुलनेत कमी आढळला. पल्ला लांबला की वेग आपोआप उतरतो, हे त्याचे संभाव्य कारण दिले जाते.

पाण्याबाबतचे मत पूर्ण उलटले आहे. पूर्वी वजन घटणे हाच धोका मानला जाई. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अतिपाण्याने होणाऱ्या सोडियम-न्यूनतेकडे लक्ष वेधले. रक्तातील सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेल्यास मळमळ, गोंधळ व गंभीर प्रसंगी मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून तहान लागेल तसे पिणे हा सल्ला आता अधिक ग्राह्य धरला जातो, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढलेला स्पर्धक वैद्यांना घटलेल्यापेक्षा जास्त काळजीत टाकतो.

शर्यत सोडण्याच्या कारणांत पोटाचा क्रम फार वर लागतो. धावताना रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, त्यात उष्णतेची भर पडली की अन्न पचेनासे होते. दुसऱ्या रात्री झोपेअभावी भास होणे सर्रास आढळते. झाडाच्या बुंध्यात माणूस दिसतो.

नियम व सुरक्षा : प्रत्येक नाक्याची मुदत (कटऑफ) ठरलेली असते, ती चुकली की स्पर्धक बाद. अमेरिकेतील शर्यतींत उत्तरार्धात सोबत धावणारा ‘पेसर’ चालतो, युरोपातील मोठ्या शर्यतींत सहसा चालत नाही. तेथे सक्तीच्या सामानावर भर असतो: जलरोधक जाकीट, तातडीचे ऊबदार आवरण, डोक्याला लावायचे दिवे, शिटी. या यादीला कंटाळणारे अनेक आहेत. २२ मे २०२१ रोजी चीनमधील गान्सू प्रांतात १०० किमी. शर्यतीत अचानक गारा, पाऊस व झंझावात आला आणि १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गारठून मरण पावले. मृतांत देशातील नामांकित धावपटूही होते. हलके कपडे आणि मदत न पोहोचणारा उंच टापू ही त्यामागची मुख्य कारणे.

स्त्रिया : वेस्टर्न स्टेट्स पूर्ण करणारी पहिली स्त्री पॅट स्माइथ (१९७८). ॲन ट्रेसन यांनी ती चौदा वेळा जिंकली आणि १९९४ च्या लेडव्हिल शर्यतीत त्या एकूण क्रमवारीत दुसऱ्या आल्या. कोर्टनी डॉवॉल्टर यांनी २०२३ मध्ये वेस्टर्न स्टेट्स, हार्डरॉक व माँ ब्लां या तिन्ही शर्यती जिंकल्या. बार्कले पूर्ण करणारी पहिली स्त्री जास्मिन पॅरिस (२०२४). मुदत संपायला तेव्हा ९९ सेकंद उरले होते.

प्रवेशमर्यादा : पाऊलवाटेची झीज व वन्यभूमीचे नियम यांमुळे संख्या मर्यादित ठेवावी लागते. वेस्टर्न स्टेट्सच्या मार्गाचा काही भाग १९८४ मध्ये संरक्षित वन्यभूमीत गेला. अशा भूमीत शर्यतींना एरवी मनाई असते. आधीपासून चालत आलेली म्हणून हिला सूट मिळाली, पण ३६९ स्पर्धकांच्या अटीवर. प्रवेश मुख्यतः सोडतीने होतो, आणि पात्र असूनही कित्येकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.