रेजायनाचे रस्ते ओस का दिसतात?

कॅनडातल्या रेजायना शहराचे सुरुवातीचे फोटो पाहून हमखास सांगतात: ‘तेव्हा कॅमेऱ्याला मिनिटं लागायची, म्हणून चालती माणसं उमटलीच नाहीत.’ हे खरं नाही. ती अडचण 1840 च्या आसपासची. रेजायना वसलं 1882 मध्ये, रेल्वेसोबत. तोवर ड्राय प्लेट, म्हणजे आधीच रसायन लावून वाळवलेली फोटोची काच, आली होती आणि लख्ख उन्हात सेकंदाचा अंशही पुरायचा. अशा फोटोत भिंग लावून घोडागाडीचं चाक बघा: आरे जरासे पुसट, घोडा मात्र स्पष्ट! रस्ते रिकामे दिसतात, कारण आखणी आधी झाली, वस्ती मागाहून आली. झाडं नाहीत तीही कॅमेऱ्यामुळे नव्हे. तो उघडा गवताळ माळच होता. आजची सावली माणसांनी हातांनी लावलेली आहे.